विषयांतर : शब्द, अर्थ आणि व्यवहार



सभेत किंवा वर्गात बोलणारा रंगात येतो, एका गोष्टीतून दुसरी गोष्ट निघू लागते आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "हे विषयांतर होत आहे." एवढे शब्द कानी पडले की बोलणारा वरमतो, दोन वाक्यांत आटोपते घेतो आणि खाली बसतो. शासकीय बैठका, ग्रामसभा, शाळा आणि वर्तमानपत्रे यांत हा शब्द नित्य वापरला जातो. मात्र त्याचा नेमका अर्थ कोणता, तो कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, याचा विचार सहसा होत नाही. तो होणे अगत्याचे आहे. हा शब्द अस्थानी वापरला गेला, तर एखाद्याचे बोलणे तर तुटतेच. पण कित्येकदा त्या बोलण्याबरोबर गावाच्या हिताची गोष्टही सांगायची राहून जाते.

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके या विचारासाठी फार सोयीचे आहेत. तेथील रस्ते, तेथील ग्रंथपरंपरा, तेथील इतिहास आणि तेथील डोंगर या सर्वांत या एका शब्दाची उदाहरणे सापडतात.

शब्दाची घडण

'विषयांतर' हा शब्द 'विषय' आणि 'अंतर' या दोन संस्कृत शब्दांचा समास आहे. मराठीत 'अंतर' म्हटले की प्रथम दोन गावांमधील लांबी आठवते. त्यामुळे विषयांतर म्हणजे विषयापासून पडलेले अंतर, असा समज पुष्कळांचा असतो. तो वस्तुतः बरोबर नाही. येथे 'अंतर' याचा अर्थ 'दुसरा' असा आहे. दुसरा देश तो देशांतर, दुसरी भाषा ती भाषांतर, दुसरे रूप ते रूपांतर, दुसरे स्थळ ते स्थलांतर. त्याचप्रमाणे दुसरा विषय तो विषयांतर. पुढे व्यवहारात या शब्दांना क्रियेचाही अर्थ आला. भाषांतर म्हणजे दुसऱ्या भाषेत नेण्याची क्रिया, तसे विषयांतर म्हणजे चालू विषय सोडून दुसऱ्या विषयात जाण्याची क्रिया. भाषांतर किंवा स्थलांतर या शब्दांत निंदा नाही. तशीच ती मुळात विषयांतर या शब्दातही नाही. ती आपण वापराने त्याला चिकटवली आहे.

'विषय' या शब्दाचा एक जुना अर्थ शासकीय सेवकांना विशेष रुचेल असा आहे. प्राचीन ताम्रपटांत आणि शिलालेखांत 'विषय' हे राज्यकारभारातील प्रदेशाचे नाव आहे. आजच्या जिल्ह्याशी त्याची स्थूलमानाने तुलना करता येईल. त्यावरील अधिकाऱ्यास 'विषयपती' म्हणत. त्या काळी एका विषयातून दुसऱ्या विषयात जाणे म्हणजे हद्द ओलांडणे होय. आजही अर्थ फारसा पालटलेला नाही. प्रत्येक चर्चेला एक हद्द असते, आणि ती ओलांडली की विषयांतर घडते.

लेखनाविषयी एक सूचना शिक्षकांच्या उपयोगाची आहे. हा शब्द नपुंसकलिंगी आहे. 'ते विषयांतर', 'विषयांतर झाले', 'विषयांतराचा दोष', 'विषयांतर टाळून' अशी त्याची रूपे होतात. 'विषयंतर' किंवा 'विषयांत्तर' हे लेखन अशुद्ध आहे.

शेजारचे शब्द

या शब्दाच्या आसपास मराठीत बरेच शब्द नांदतात. व्यवहारात त्यांची सरमिसळ होत असल्यामुळे प्रत्येकाचा वेगळेपणा ध्यानात घेणे इष्ट ठरेल.

'पाल्हाळ' म्हणजे विषय तोच, पण त्याचा नको इतका विस्तार. पाल्हाळ लावणारा विषयाबाहेर जात नाही; तो विषयातच घुटमळत राहतो. 'नमनाला घडाभर तेल' ही म्हण प्रस्तावनेच्या पाल्हाळाला उद्देशून आहे. 'चऱ्हाट' हा शब्द त्याहून कठोर आहे. दोरासारखे लांबत जाणारे आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आणणारे बोलणे ते चऱ्हाट. 'अवांतर' म्हणजे मुख्य नव्हे ते. त्यात दोष असतोच असे नाही. शाळेतील अवांतर वाचन हे तर गुणांत गणले जाते.

'फाटे फोडणे' यात हेतू आला. काम पुढे जाऊ नये म्हणून एका प्रश्नातून मुद्दाम दहा प्रश्न काढणे, हा त्याचा अर्थ. 'बगल देणे' यातही हेतू आहे. अडचणीच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी त्याच्या कडेने निघून जाणे. 'भरकटणे' यात मात्र हेतू नाही. वाट चुकलेल्या गुरासारखे बोलणे कोठल्या कोठे जाते आणि बोलणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

विषयांतर हा या सर्वांहून तटस्थ शब्द आहे. विषय बदलला, एवढेच तो सांगतो. का बदलला आणि बदलून काय साधले, हे तो सांगत नाही. म्हणून "हे विषयांतर आहे" असे म्हटल्याने प्रश्न मिटत नाही. हे भरकटणे आहे, फाटे फोडणे आहे, की उपयुक्त अवांतर आहे, हे त्यानंतर ठरवावे लागते.

फाटा आणि मूळ रस्ता

फाटा ही गोष्ट महाड-पोलादपूरच्या रहिवाशांना समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो. महाडजवळ नातेखिंडीतून एक रस्ता किल्ले रायगडाकडे वळतो. महाडहूनच दुसरा रस्ता वरंध घाटाने भोरकडे चढतो. पोलादपूरहून तिसरा रस्ता आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जातो. महामार्गाने गोव्यास निघालेल्या प्रवाशाच्या दृष्टीने हे तिन्ही रस्ते म्हणजे आडवाटाच होत. पण रायगड पाहून जो पुन्हा महामार्गास लागला, त्याने वाट सोडली असे कोणी म्हणणार नाही. फाटा कोठे लागला हे ज्याच्या ध्यानात राहिले, त्याला परत येता येते. ज्याच्या ध्यानात राहिले नाही, तो घाटात रात्र काढतो.

बोलण्याचेही असेच आहे. वळणे हा दोष नव्हे. वळल्याचे भान नसणे, हा दोष होय.

ग्रंथकारांची शिस्त

समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना शिवथरघळीत केली, अशी परंपरा आहे. ही घळ महाड तालुक्यात आहे. दासबोधात वीस दशक असून प्रत्येक दशकात दहा समास आहेत. या दोनशे समासांना त्यांच्या त्यांच्या विषयांवरून नावे दिलेली आहेत. पहिल्याच समासात ग्रंथ कोणता, त्यात काय सांगितले आहे आणि तो ऐकल्याने काय लाभते, हे श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगून टाकले आहे. आजच्या भाषेत बोलायचे, तर सभेपूर्वी विषयपत्रिका वाटली आहे. पुढे श्रोते शंका घेतात, वक्ता तिचे निरसन करतो आणि 'असो' एवढ्या एका शब्दाने मूळ निरूपणास लागतो. ज्ञानेश्वरीतही या शब्दाचे कार्य हेच आहे. दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात, मन त्यात रमते आणि मग 'असो' म्हणून आवरते घेतले जाते. मराठी गद्यात आणि बोलण्यात हा शब्द आजही याच कामी येतो. विषयांतर झाल्याची कबुली आणि ते संपल्याची सूचना, या दोन्ही गोष्टी त्या तीन मात्रांत आहेत.

कीर्तनाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात कीर्तनकार एक मूळ पद घेतो आणि त्याचे विवरण करतो. उत्तररंगात तो एखादे आख्यान लावतो. आख्यानात राजे येतात, युद्धे येतात, विनोद येतो. वरवर पाहता ते मूळ पदापासून पुष्कळ दूर असते. पण शेवटी कीर्तनकार त्याच पदाशी येऊन पोहोचतो आणि ऐकणाऱ्याला त्या पदाचा अर्थ नव्याने उमगतो. एखादी गोष्ट पूर्वस्थितीवर येते तेव्हा आपण ती 'मूळपदावर आली' असे म्हणतो. या परतण्यावरच सारे अवलंबून आहे, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखले होते.

शिवभारताचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूर येथे आहे. हा संस्कृत ग्रंथ काशीतील पंडितांना सांगितलेल्या कथेच्या रूपात रचला आहे. पंडित मध्येच प्रश्न विचारतात आणि कवी त्यांना उत्तर देत कथा पुढे नेतो. श्रोत्याचा प्रश्न हा व्यत्यय नसून कथेला पुढे नेणारे साधन आहे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

चवदार तळे : विषय कोणी बदलला?

विषयांतर हा केवळ वक्तृत्वाचा प्रश्न नाही. त्याचे परिणाम माणसांच्या हक्कांवरही होतात. याचा दाखला महाडच्याच इतिहासात आहे.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा इत्यादी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुली असावीत, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडला आणि मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी तो संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाड येथे परिषद भरली आणि २० मार्च रोजी परिषदेतील लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले व तेथील पाणी प्याले. विषय स्पष्ट होता : सार्वजनिक तळ्यावर सर्वांचा हक्क.

त्यानंतर शहरात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. परिषदेचा तो विषय नव्हता. पण अफवेने विषय तळ्यावरून देवळावर नेला, जमाव भडकला आणि परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ला झाला. मूळ प्रश्नाला उत्तर देता येत नसले की दुसराच प्रश्न उभा करावयाचा, ही युक्ती किती घातक असू शकते, हे येथे दिसून येते.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही रहिवासी न्यायालयात गेले. तळे खासगी मालकीचे आहे आणि ते न वापरू देण्याची वहिवाट अनादी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयापुढे जो वाद येतो त्याचाच निर्णय न्यायालयाने करावयाचा असतो. परंतु महाडकरांपुढचा प्रश्न, माणसाने माणसाला पाणी नाकारावे काय, हा होता. तो मालकीच्या आणि वहिवाटीच्या प्रश्नात जाऊन पडला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने अखेरचा निर्णय दिला, तेव्हा तळ्यावरील त्या मिरवणुकीस दहा वर्षे होत आली होती. विषय बदलला की निर्णय लांबतो, तो असा.

याच इतिहासात विषयांतर वाटणाऱ्या बोलण्याचा एक अगदी निराळा नमुना आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे दुसरी परिषद भरली. अध्यक्षीय भाषणात डॉ. आंबेडकर यांनी १७८९ सालच्या फ्रान्समधील राष्ट्रसभेचा दाखला दिला. कोठे महाडचे तळे आणि कोठे फ्रान्सचा राजा, असे एखाद्या श्रोत्यास वाटले असल्यास नवल नाही. पण वक्ता कोकणातून फ्रान्सला गेला तो परत येण्यासाठीच. चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने कोणी अमर होणार नाही आणि न प्याल्याने कोणी मरणारही नाही. ही सभा समतेचा पाया घालण्यासाठी भरली आहे, हे त्यांस सांगावयाचे होते. तळ्याचा प्रश्न केवळ पाण्याचा राहिला असता, तर तो एका गावापुरता राहिला असता. फ्रान्सच्या दाखल्याने तो मानवी हक्कांच्या प्रश्नांत जाऊन बसला आणि तेथून पुन्हा तळ्याच्या काठावर आला.

एकाच गावी, एकाच वर्षी ही दोन्ही उदाहरणे घडली. एकाने विषय झाकला, दुसऱ्याने तो उजेडात आणला. म्हणून विषयांतराची पारख ते किती दूर गेले यावरून न करता, ते परतताना मूळ विषयासाठी काय घेऊन आले, यावरून करावी.

ग्रामसभेतील प्रसंग

पंचायत सदस्यांनी हीच पारख ग्रामसभेत लावावी. एक प्रसंग कल्पावा. डोंगराच्या कुशीतील वाडीची सभा आहे. विषय क्रमांक तीन, नळपाणी योजनेची पाणीपट्टी. चर्चा चालू असताना एक वृद्ध बाई उठून म्हणतात, "सरपंच, पट्टीचं राहू द्या. वरच्या झऱ्याला यंदा गढूळ पाणी येतंय. गोठ्यामागं जमिनीला भेगही पडलीय." सभेत हशा पिकतो. कोणी म्हणते, "आजी, विषय पट्टीचा चालू आहे." सरपंचही तेच म्हणतात. आजी बसतात. इतिवृत्तात पाणीपट्टीचा ठराव सूचक-अनुमोदकांसह नोंदला जातो. भेगेची नोंद होत नाही.

नियमाने पाहता आजींनी विषयांतर केले, हे खरे आहे. पण उतारावर नव्याने पडलेली भेग, झऱ्याला अचानक आलेले गढूळ पाणी, झाडे किंवा विजेचे खांब कलणे ही दरड कोसळण्यापूर्वीची लक्षणे असू शकतात, हे आता सर्वत्र सांगितले जाते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही त्याच सुमारास केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे दरडींनी बळी घेतले. ज्या भागाने हे पाहिले आहे, त्या भागात डोंगराविषयीचे कोणतेही बोलणे हशावारी नेणे परवडणारे नाही.

यावर उपाय आपल्या सभाशास्त्रातच आहे. विषयपत्रिकेच्या अखेरीस 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' अशी ओळ असते. पुष्कळ ठिकाणी ती केवळ रिवाज म्हणून छापली जाते आणि तेथवर पोहोचेपर्यंत सभा पांगलेली असते. वस्तुतः ही ओळ म्हणजे विषयांतरासाठी राखून ठेवलेली सन्मानाची जागा होय. सरपंचांनी एवढेच म्हणावयाचे : "आजी, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पट्टीचा ठराव झाला की ऐनवेळच्या विषयांत पहिली हीच घेऊ." सचिवांनी ती तत्क्षणी टिपून घ्यावयाची. यामुळे चालू विषय सुटत नाही, आजींचा मानही राहतो आणि दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयास पत्र पाठविण्यास आधार मिळतो. धोका अगदी तोंडाशी आला असेल, तर पट्टीचा विषयच बाजूस ठेवणे हे अध्यक्षाचे कर्तव्य ठरते.

याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. रस्त्याच्या कामाचा हिशेब विचारला असता वक्ता गावाच्या थोर परंपरेवर बोलू लागला, तर त्यास नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. तेथे "विषयांतर नको" हे शब्द योग्य स्थळी पडतात. विधिमंडळात हरकतीचा मुद्दा आणि औचित्याचा मुद्दा अशा दोन निरनिराळ्या वाटा ठेवलेल्या आहेत. नियम मोडला जात असेल तर एक, आणि वेळेचे महत्त्व सांगावयाचे असेल तर दुसरी. ग्रामसभेच्या अध्यक्षानेही अडविणे आणि वाट देणे या दोन्ही गोष्टींचा अभ्यास करावा.

वर्गातील प्रश्न

शिक्षकांस हा अनुभव रोजचा आहे. निबंधाच्या वहीत लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला जातो. 'पावसाळा' या विषयावर लिहिताना विद्यार्थ्याने अर्धा निबंध मामाच्या गावच्या लग्नावर खर्च केला, तर तो शेरा योग्यच आहे. पण नुसता शेरा पुरेसा नाही. कोणत्या वाक्यापाशी विषय सुटला, ते वाक्य अधोरेखित करून दाखवावे. फाटा कोठे लागला हे कळले की विद्यार्थी पुढच्या वेळी तेथून परत येतो.

वर्गातील प्रश्नांचे मात्र निराळे आहे. मोसमी वाऱ्यांचा पाठ चालू असताना महाडच्या मुलाने विचारले, "आमच्या बाजारपेठेत पूर का येतो?" तर तो प्रश्न पाठाबाहेरचा वाटेल, पण भूगोल तेथेच सुरू होतो. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते. तेथील अतिवृष्टीचे पाणी पोलादपूरमार्गे खाली येते. महाडजवळ तिला गांधारी मिळते. त्याच वेळी बाणकोटच्या खाडीत भरती असली, तर पाण्याचा निचरा मंदावतो आणि ते शहरात पसरते. एवढे फळ्यावर काढून दाखविण्यास दहा मिनिटे लागतात. वारे, पर्जन्य, उतार आणि भरती ही चारही प्रकरणे त्या दहा मिनिटांत विद्यार्थ्याच्या घराच्या उंबरठ्यावर येतात. मग शिक्षकाने 'असो' म्हणून पाठाकडे वळावे. तो पाठ त्या वर्गाच्या कायमचा लक्षात राहील.

कसोटी

सारांश, विषयांतर झाले असे वाटताच तीन गोष्टी मनाशी विचाराव्यात. पहिली, हे बोलणे कोठून निघाले? मूळ विषयाशी त्याचा एखादा धागा जोडलेला आहे काय? दुसरी, ते परत येणार आहे काय, की येऊच नये असा बोलणाऱ्याचा हेतू आहे? तिसरी, हे आता ऐकले नाही तर कोणाचे नुकसान होईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रतिकूल असली, तरी तिसऱ्याचे उत्तर गंभीर असेल तर ते बोलणे ऐकलेच पाहिजे, आणि ऐकून झाल्यावर लिहून ठेवले पाहिजे.

बोलणाऱ्यावरही जबाबदारी आहे. "थोडे विषयांतर होईल, परंतु ही गोष्ट सांगणे आवश्यक आहे," असे प्रारंभी म्हटले, गोष्ट मोजक्या शब्दांत सांगितली आणि मूळ मुद्द्यावर येऊन थांबले, तर कोणतीही सभा त्यास नको म्हणणार नाही. कार्यालयीन टिप्पणीतही हीच रीत पाळावी. अवांतर मजकूर स्वतंत्र परिच्छेदात घालावा, म्हणजे निर्णय घेणाऱ्यास मुख्य प्रस्ताव आणि जोडून आलेली माहिती वेगवेगळी दिसते.

लोकशाहीचा कारभार बोलण्यावर चालतो. नेमके बोलणे ही बोलणाऱ्याची शिस्त आहे. नेमके ऐकणे ही ऐकणाऱ्याची. जी माणसे सभेत क्वचित उठतात, त्यांना विषयपत्रिकेच्या क्रमाने बोलण्याची सवय नसते. त्यांच्या मनातली गोष्ट बहुधा दुसऱ्याच कोणत्या तरी विषयाच्या वेळी ओठांवर येते. तिला 'विषयांतर' म्हणून परत पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि ती कोणत्या विषयात बसते, हे सभेने पाहावे.